‘वडील’ या रकान्यात माझे नाव

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही नवरा-बायको मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. एका रविवारी मुलाने माझ्या हातात प्लास्टिकची एक नळी ठेवली आणि तिच्यावरच्या रेषेपर्यंत थुंकायला सांगितले. अर्धा तास आधीपासून चहा, पाणी, सुपारी सगळे बंद. फेस धरायचा नाही, फक्त पातळ लाळ रेषेला टेकली पाहिजे, ही अट वाचायला सोपी वाटली तरी साठी उलटलेल्या माणसाच्या कोरड्या तोंडाला ती पुरी करायला चांगली वीस मिनिटे लागली. झाकण घट्ट दाबले की त्यात साठवलेला निळसर द्रव लाळेत उतरतो आणि टपालाच्या प्रवासात डीएनए खराब होत नाही. आपले पूर्वज कुठून आले हे शोधण्याची हौस मुलाची होती. त्याने स्वतः चाचणी केली होती, आणि तिकडेच नोकरीला असलेल्या माझ्या पुतणीनेही ती आधीच करून घेतली होती. जुलैमध्ये, आम्ही फोंड्याजवळच्या आमच्या घरी परतल्यावर, एका रात्री धो धो पाऊस पडत असताना पुतणीचा फोन आला. तिच्या खात्यातील नातेवाइकांच्या यादीत माझे नाव नव्याने आले होते आणि नावापुढे नाते लिहिले होते : वडील.

खुलासा लगेच करतो. पुतणीचे वडील आणि मी एकरूप जुळे भाऊ आहोत. १९६० साली, म्हणजे गोवा मुक्तीच्या आदल्या वर्षी, घरातच आमचा जन्म झाला. जो आधी बाहेर आला त्याच्या मनगटाला वैजिणीने काळा दोरा बांधला, आणि त्या दोऱ्याच्या आधारावर तो ‘भाई’ झाला नि मी कायमचा धाकटा. एखाद्या आंघोळीत तो दोरा सुटून चुकीच्या मनगटाला बांधला गेला नसेलच, अशी हमी आई कधी देत नसे. आज भाईच्या मोबाईलला माझा चेहरा चालतो, पण माझा अंगठा चालत नाही, कारण बोटांवरच्या रेषा गर्भात उमटताना वाढीचा वेग, गर्भाची स्थिती, भोवतालचा दाब असल्या बारीकसारीक गोष्टींचा त्यांच्यावर परिणाम होतो आणि त्या दोघांच्या वेगळ्या होतात. डीएनएच्या नेहमीच्या चाचणीला मात्र अंगठ्याला कळतो तेवढाही फरक कळत नाही.

तेव्हा संकेतस्थळाच्या परीने चूक काहीच झालेली नव्हती. पुतणीचा अर्धा डीएनए तिच्या वडिलांकडून आला आहे, तो अर्धा भाग माझ्याशीही तितकाच जुळतो, आणि भाईने चाचणी केलेलीच नसल्यामुळे बापाच्या जागी बसवायला त्या यंत्राजवळ माझ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. माझा मुलगा आणि ती यांच्यात चुलत भावंडांप्रमाणे सरासरी १२.५ टक्के साम्य निघायला हवे होते; निघाले त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून त्या दोघांना सावत्र भावंडे ठरवण्यात आले. एकरूप जुळ्या भावांची मुले डीएनएच्या हिशेबात चुलत राहतच नाहीत. ती एका बापाची, दोन आयांच्या पोटची मुले असल्यासारखी दिसतात.

पुतणीने हे हसत सांगितले, भाईने ते हसत ऐकले, मीही एक विनोद केला, आणि वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरते बोलल्या. त्यांना संशय कुणाचाच नव्हता, असण्याचे कारणही नव्हते. पण स्वतःच्या मुलीच्या नावासमोर कोणत्या तरी परक्या देशातील संगणकाने दिराचे नाव लिहावे आणि घरातल्या पुरुषांनी ते हसण्यावारी न्यावे, यात त्यांना काय बोचले असेल हे मला उशिरा कळले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पडवीत आल्या, सोप्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही पस्तीस वर्षे गणित शिकवलेत. हे यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही, ते मला आकड्यांत समजावून सांगा.” त्या दुपारी कागदावर जे मांडले, आणि नंतर वाचून त्यात जी भर घातली, ती येथे लिहीत आहे.

न्यायालयासाठी होणारी पितृत्वाची चाचणी म्हणजे संपूर्ण डीएनएचे वाचन नव्हे. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत, आणि प्रयोगशाळा त्यातील साधारण वीसेक ठिकाणेच पाहते. ही ठिकाणे अशी निवडलेली असतात की तेथे चारेक अक्षरांचा एक लहान तुकडा लागोपाठ अनेकदा आलेला असतो आणि तो किती वेळा आला हे माणसागणिक बदलते. कुणाचा आकडा १४, कुणाचा १७. प्रत्येक ठिकाणी आपल्याजवळ दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. मुलाच्या दोन आकड्यांपैकी आईचा कोणता ते कळले की उरलेला बापाचा, आणि तो आकडा ज्या पुरुषाजवळ नाही तो बाप नव्हे. अर्थात एखाद-दुसऱ्या ठिकाणी आकडा आपोआप बदललेला असू शकतो, म्हणून एवढ्यावरून कुणाला वगळत नाहीत, अशी तफावत अनेक ठिकाणी दिसावी लागते. वगळण्याच्या कामात ही चाचणी अतिशय भरवशाची आहे. डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती अ‍ॅलेक जेफ्रीस यांना इंग्लंडमधील लेस्टर येथे १९८४ साली सापडली. आपल्याकडे हैदराबादच्या प्रयोगशाळेत लालजी सिंग यांनी ती रुजवली, आणि केरळमधील पितृत्वाच्या एका दाव्यात ती न्यायालयापुढे आली, त्यालाही आता तीस वर्षे उलटून गेली.

वगळणे सोपे असले तरी ‘हाच बाप’ असे म्हणणे वेगळ्या जातीचे काम आहे, आणि वहिनींच्या प्रश्नाचे मूळ तिथेच होते. समजा, एका ठिकाणी मुलाला बापाकडून १४ हा आकडा मिळाला आहे. समोरच्या पुरुषाजवळ १४ आणि १७ असे दोन आकडे आहेत, म्हणजे त्याच्याकडून १४ मिळण्याची शक्यता निम्मी. आता समाजातल्या एकूण आकड्यांपैकी दहा टक्के १४ आहेत असे धरू. म्हणजे कोणत्याही अनोळखी पुरुषाकडून १४ मिळण्याची शक्यता एक दशांश. निम्म्याला एक दशांशाने भागले की पाच येतात, याचा अर्थ अनोळखी माणसापेक्षा या पुरुषाच्या बाजूने पुरावा पाचपट जड आहे. ठिकाणे एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे हे आकडे गुणत जायचे. दहा ठिकाणी पाच-पाच आले तर गुणाकार ९७ लाख ६५ हजार ६२५ होतो, आणि वीस ठिकाणी सुमारे ९५ लाख कोटी. चाचणीआधी ‘हो’ आणि ‘नाही’ यांचे पारडे समान धरले, की एवढ्या गुणाकाराचे रूपांतर ९९.९९ टक्के आणि त्याहून पुढच्या नवांमध्ये होते. अहवालाच्या तळाशी ठळक अक्षरांत दिसतो तो हाच आकडा.

वहिनींनी इथे मला थांबवले. “अनोळखी माणसापेक्षा म्हणजे?” मी पस्तीस वर्षांत फारच थोड्या विद्यार्थ्यांकडून इतका नेमका प्रश्न ऐकला असेन. तो टक्का ‘हा माणूस बाप आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर नाहीच. ‘हा माणूस, की ज्याचा याच्याशी काही संबंध नाही असा कुणी परका’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे. दुसऱ्या पारड्यात परका बसवलेला असतो म्हणून पहिले पारडे इतके खाली जाते. त्या पारड्यात परक्याच्या ऐवजी जुळा भाऊ बसवा. त्याच्याजवळही १४ आणि १७, त्याच्याकडूनही १४ मिळण्याची शक्यता निम्मी, आणि निम्म्याला निम्म्याने भागले की एक. वीस ठिकाणांचा गुणाकार एक, दोनशे ठिकाणांचाही एक. चाचणीआधी जे पारडे जिथे होते तिथेच ते चाचणीनंतर राहते, मग प्रयोगशाळेचे बिल कितीही येवो.

आणि तरीही दोघांची वेगवेगळी चाचणी केली तर दोघांनाही ९९.९९ टक्क्यांचा अहवाल मिळेल. बेरीज १९९.९८ टक्के. गणिताच्या मास्तरला ही बेरीज पाहवत नाही, पण त्यात गणित चुकलेले नाही. दोन्ही अहवाल दोन वेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे आहेत आणि वाचणारा ती एकाच प्रश्नाची समजून बेरीज करतो. माद्रीने एकदाच आवाहन केले आणि अश्विनीकुमार दोघेही आले. त्यामुळे नकुल कुणाचा नि सहदेव कुणाचा हे पुराणकारांनी नेमून दिले ते बरे केले, प्रयोगशाळेला ते जमले नसते.

ही निव्वळ पडवीतली करमणूक नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्यात असा खटला खरोखर चालला आणि २००७ साली त्याची बातमी जगभर गेली. एका स्त्रीचा काही तासांच्या अंतराने दोन्ही जुळ्या भावांशी संबंध आला होता, दोघांचीही पितृत्वाची शक्यता ९९.९ टक्क्यांच्या वर निघाली, आणि प्रत्येकाचे म्हणणे ‘मी नव्हे, तो’ असे होते. न्यायालयाला शेवटी साक्षींवर आणि तारखांवर विसंबून एकाला कायदेशीर बाप ठरवावे लागले, म्हणजे डीएनए येण्यापूर्वीची न्यायालये जे करीत तेच. ब्राझीलमधील गोइयास राज्यातल्या न्यायाधीशांनी २०१९ मध्ये दुसरा मार्ग काढला. तिथले दोघे भाऊ एकमेकांच्या सारखेपणाचा फायदा जाणूनबुजून घेत आले होते आणि बाप कोण हे सांगायला दोघेही तयार नव्हते. न्यायाधीशांनी दोघांनाही मुलीच्या पोषणाचा खर्च द्यायला लावले, प्रत्येकी किमान वेतनाच्या ३० टक्के, आणि जन्मदाखल्यावर दोघांचीही नावे घालण्याचा आदेश दिला. लपवालपवीची किंमत मुलीने का मोजावी, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण दोनपैकी एक जण जन्मभर पुतणीला पोटची मुलगी म्हणून पोसणार, हेही त्या निकालात गृहीत आहे.

साध्या भावांची गोष्ट वेगळी आहे आणि तिची गल्लत इथे होऊ नये. एकाच वेळी जन्मलेले पण दोन वेगळ्या बीजांपासून झालेले जुळे हे डीएनएच्या दृष्टीने कोणत्याही सख्ख्या भावांसारखेच असतात, आणि अशा दोघांचेही नमुने घेतले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते. फसगत होते ती एकाचाच नमुना घेतल्यास, कारण सख्ख्या भावांचे बरेच आकडे जुळतात आणि परक्याच्या तुलनेत काढलेला टक्का भावालाही बऱ्यापैकी वर नेऊन ठेवतो. माझी एक माजी विद्यार्थिनी अशा चाचण्यांसाठी नमुने गोळा करण्याचे काम करते. तिने मला तिची पेटी उघडून दाखवली : कापसाचे टोक असलेल्या लांब काड्या, गालाच्या आतून घासून घ्यायच्या, हवेत वाळवायच्या आणि कागदी पाकिटात घालायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, कारण कोंडलेल्या ओलाव्याने जंतू वाढतात आणि डीएनए कुजतो. आमच्याकडच्या आषाढात, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ती काड्या पंख्याखाली ठेवून राखण करीत बसते. पाकिटावर सही, अंगठा, फोटो, साक्षीदार, सगळे असते. “सर, अर्जात जवळच्या नात्यातला दुसरा कुणी संभाव्य पिता आहे का, असाही प्रश्न असतो,” ती म्हणाली, “पण तो रकाना लोक कोराच सोडतात.” ज्या एका रकान्यावर सगळा टक्का उभा आहे, तोच कोरा.

मग एकरूप जुळे खरोखरच अक्षरशः सारखे असतात काय? नसतात. एका फलित बीजापासून सुरुवात होते आणि पहिल्या काही दिवसांत त्याचे दोन गट होतात; तिथून पुढे प्रत्येक गटाच्या पेशी स्वतंत्रपणे विभागत जातात, आणि ३ अब्ज अक्षरांची नक्कल करताना कुठे तरी एखादे अक्षर चुकतेच. ही चूक फार लवकर झाली तर ती त्या एका भावाच्या जवळजवळ सगळ्या शरीरात उतरते आणि दुसऱ्यात नसते. आइसलँडमधील संशोधकांनी ३८१ जुळ्या जोड्यांचा डीएनए वाचून २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यानुसार गर्भावस्थेच्या आरंभीच झालेले असे फरक एका जोडीत सरासरी ५.२ असतात. ३ अब्जांत पाच. सगळ्या गोव्याची मतदारयादी वाचली तरी त्यात इतकी अक्षरे भरणार नाहीत, आणि आपल्याला पाच मुद्रणदोष शोधायचे आहेत.

ते शोधता येतात हे त्याआधीच, २०१४ मध्ये, जर्मनीतील एका प्रयोगशाळेने दाखवले होते. दोन जुळ्या भावांचे वीर्य आणि त्यांतल्या एकाच्या मुलाचे रक्त घेऊन त्यांनी वीस ठिकाणांऐवजी संपूर्ण डीएनए पुन्हा पुन्हा वाचला. बाप आणि मूल दोघांत आहेत पण काकात नाहीत अशी पाच अक्षरे त्यांना सापडली. वीर्यच का, हे समजणे महत्त्वाचे आहे. रक्तात किंवा गालाच्या पेशीत वयाच्या पन्नाशीला झालेली चूक मुलापर्यंत पोचूच शकत नाही; मुलाला मिळते ती शुक्रपेशीतली प्रत, त्यामुळे फरक शुक्रपेशींपर्यंत उतरलेला हवा. आणि उतरलेला असला तरी मुलाला तो मिळेलच असे नाही. बापाजवळ असे फक्त दोन फरक असतील, तर प्रत्येक फरक मुलात येण्याची शक्यता फार तर निम्मी, म्हणजे एकही न येण्याची शक्यता चारात एक. काही जोड्यांत फरकच इतके थोडे असतात की हाती काही लागत नाही. तेव्हा ही चाचणी कधी नेमके बोट दाखवील आणि कधी, भरपूर खर्च करूनही, मुकी राहील.

जुळ्यांना वेगळे ओळखण्याची आणखी एक स्वस्त युक्ती आहे आणि तिची बातमी वाचून पुष्कळांचा गैरसमज होतो. डीएनएच्या अक्षरांवर आयुष्यभरात रासायनिक खुणा चढत जातात, आहार, आजार, तंबाखू यांनुसार त्या बदलतात, आणि डीएनए तापवून तो कोणत्या तापमानाला उसवतो हे पाहून हा फरक टिपता येतो, असे इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. गुन्ह्याच्या जागी सापडलेला डाग दोघांपैकी कुणाचा, हे शोधायला ती युक्ती उपयोगी पडेल. पितृत्वाला तिचा उपयोग नाही, कारण बापाच्या अंगावरच्या या खुणा मुलात जाताना जवळजवळ सगळ्या पुसल्या जाऊन नव्याने लिहिल्या जातात.

आता कायदा. पर्वरीला उच्च न्यायालयात वकिली करणारा माझा एक विद्यार्थी चवथीला आरतीसाठी आला होता. गणपतीपुढे टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून त्याने मला जे सांगितले त्याने वहिनींचा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ म्हणून आले आहे. वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेले नसताना २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल हे त्या पतीचेच, असे हे कलम निर्णायकपणे मानते. गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात पती-पत्नींची गाठ पडणेच शक्य नव्हते, एवढे सिद्ध केले तरच हे गृहीतक मोडते. रक्ताची तपासणी कुणी मागितली म्हणून सरसकट द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले होते. २०१४ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात डीएनएचा अहवाल हाती आलेलाच होता तेव्हा न्यायालयाने गृहीतकापेक्षा त्याला वजन दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये केरळमधील प्रकरणात पुन्हा मूळ गृहीतकाकडे परतून, आधी सहवास अशक्य होता हे दाखवा, असे बजावले. हा लंबक इकडून तिकडे फिरत राहील. पण ज्याला स्वतःच्या जुळ्या भावाचा संशय आहे अशा नवऱ्यापुरता तो निरुपयोगी आहे, कारण त्याने चाचणीचा हट्ट धरला आणि न्यायालयाने ती मान्य केली तरी अहवाल त्याच्याच नावावर शिक्कामोर्तब करणार. डीएनए नसता तरी कलम ११६ ने तेच केले असते.

अडचण खरी आहे ती लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची. तिथे हे गृहीतक मदतीला येत नाही, आणि दोन्ही भावांचे अहवाल सारखेच. मग पोटगी मागणाऱ्या आईला निरोप, फोटो, खोलीचे भाडे, शेजाऱ्यांच्या साक्षी यांतूनच एकाकडे बोट दाखवावे लागेल, आणि तिने ते दाखवले की तो भावाकडे दाखवणार. विज्ञानाने सोडवलेला प्रश्न म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तो या एका घरात शंभर वर्षांपूर्वी होता तसाच उभा राहतो.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे मालमत्ता. पोर्तुगिजांच्या नागरी संहितेतून आपल्याकडे आलेल्या आणि आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात असलेल्या नियमानुसार माणसाला आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाचे मृत्युपत्र करता येते; उरलेला निम्मा मुलांसाठी राखीव असतो, बापाला तो हिरावून घेता येत नाही. पुतण्याला किंवा पुतणीला काकाकडून असा कोणताही राखीव हक्क नसतो. आमच्या वडिलार्जित कुळागराचे, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेचे, उदाहरण घ्या. पत्नींचा हिस्सा बाजूला ठेवला, तर निम्मे माझे आणि निम्मे भाईचे. मला एक मुलगा, भाईला एक मुलगी आणि एक मुलगा. आम्हा दोघांनंतर माझ्या मुलाला अर्धे आणि भाईच्या दोघांना पाव-पाव. आता संकेतस्थळाचे ऐकून पुतणीला माझ्या खात्यावर घ्या : माझा मुलगा अर्ध्यावरून पावावर येतो, पुतणीचा पाव पावच राहतो, आणि भाईच्या मुलाला अर्धे मिळते. माडाचे एक झाडही न हलता माझ्या मुलाचे निम्मे कुळागर चुलत भावाकडे गेले. हे ऐकून भाईचा मुलगा म्हणाला, “काका, रिपोर्ट बरोबरच असेल हो!” त्याला वहिनींनी घातलेली चापट अजून आठवते.

माझा स्वतःचा पोर्तुगीज आमदानीतला जन्मदाखला काढून पाहिला तर त्यात आई-वडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावे आहेत. बाप कोण याबद्दल जुळ्यांमध्ये वाद झाला असता, तरी निदान ते चार रकाने निर्विवाद भरता आले असते.

हिवाळ्यात भाई आणि वहिनी मुलीकडे गेले. तिथे वहिनींनीच दुकानातून नळी मागवायला लावली आणि भाईला समोर बसवून रेषेपर्यंत थुंकायला लावले. सुपारीविना अर्धा तास त्याला कसा गेला हे तो अजून सांगतो. फेब्रुवारीत निकाल आला. पुतणीच्या यादीत आता दोन वडील आहेत, एकाखाली एक, दोघांच्याही पुढे तेच टक्के. माझ्या यादीत भाईचे नाव सर्वांत वर आले आणि त्याच्यापुढे इंग्रजीत ज्या अर्थाचे लिहिले होते ते असे : तुम्ही स्वतः, किंवा तुमचे एकरूप जुळे भावंड. मी मोबाईल वहिनींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली, बोट त्या एका शब्दावर ठेवले आणि विचारले, “हा ‘किंवा’ त्यांना ठाऊक होता, तर जुलैत माझ्या मुलीच्या नावापुढे का नाही लिहिला?”